वाचकांचे प्रश्न: वाफेचं इंजिन नक्की कोणाचं?

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. तिला कोणीतरी सांगितलं की किटलीचं झाकण उडताना बघून जेम्स वॉटने वाफेचं इंजिन शोधलं, आणि तिचे आजोबा म्हणतात छे, ते स्टीफन्सनने शोधलं. घरात जेवताना रोज हाच वाद. खरं काय?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: ताई, खरं सांगायचं तर दोघंही नाही. वॉटचा जन्म 1736 चा, आणि थॉमस न्यूकमन ह्या इंग्रजाचं वाफेचं इंजिन 1712 पासूनच इंग्लंडात खाणीतलं पाणी उपसत होतं. वॉट ग्लासगो युनिव्हर्सिटीत उपकरणं दुरुस्त करायचा, तिथे 1763 च्या सुमारास त्याच्याकडे ह्याच इंजिनाचं छोटं मॉडेल रिपेअरला आलं, आणि ते दोन-चार ठोके मारून बंद पडायचं. का, तर दर ठोक्याला सिलेंडर वाफेने तापवायचं, मग त्यातच गार पाणी मारून वाफेचं पाणी करायचं, की परत तेच गार झालेलं सिलेंडर तापवायचं, सगळी वाफ त्यातच खर्च! 1765 ला त्याला सुचलं की वाफ गार करायला वेगळं भांडं ठेवू, सिलेंडर गरमच राहू दे. मुलीला किटलीऐवजी हे सांगा ना, मला तरी ही गोष्ट कितीतरी भारी वाटते, आणि सातवीतल्या मुलांना ती आरामात समजते.

आता आजोबांचं. रुळांवर इंजिन आधी चालवलं रिचर्ड ट्रेव्हिथिकने, 21 फेब्रुवारी 1804, वेल्समध्ये, 10 टन लोखंड आणि वर 70 माणसं घेऊन नऊएक मैल. इंजिन उत्तम चाललं पण रूळ बिडाचे, ते त्याच्या वजनाने तुटायला लागले आणि काम तिथेच थांबलं. बिचारा 1833 ला गरिबीत गेला, मला त्याचं फार वाईट वाटतं. पुढे 1820 ला जॉन बर्किनशॉ ह्या इंग्रजाने घडीव लोखंडाचे रूळ काढले, तसे रूळ स्टीफन्सनने 1825 च्या स्टॉकटन-डार्लिंग्टन लाइनीवर वापरले, आणि 1829 ला स्टीफन्सन बापलेकांच्या ‘रॉकेट’ इंजिनाने इंजिनांची शर्यत जिंकली. आजोबांनी स्टीफन्सनचं नाव घेतलं ते उगाच नाही, इंजिन, रूळ, पूल सगळं जुळवून रेल्वे खरोखर चालती करणाऱ्यांत तो सगळ्यात पुढे होता, फक्त पहिला नव्हता.

आणि रुळांचीच अडचण आपल्याकडेही झाली बरं का. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या काळात 1862 ला डभोई-मियागाम नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, सुरू झाली ती बैलांनी ओढलेली! पुढच्याच वर्षी इंजिन आणून बघितलं पण रूळ हलके, एका यार्ड लांबीला फक्त 13 पौंड वजनाचे, त्यांना ते पेलेना, म्हणून परत बैल जुंपले, आणि 1873 ला जड रूळ टाकल्यावर मग कुठे इंजिन नीट धावायला लागलं.