तबल्यावर साठे, सॅक्सोफोनवर हॅरिअट

प्रश्न : मामांच्या जुन्या तबकड्यांत ‘इंडो-जॅझ स्वीट’ नावाची एक लाँगप्ले सापडली. सॅक्सोफोनवर जो हॅरिअट आणि तबल्यावर केशव साठे! हे साठे कोण? आणि जमैकाच्या वादकाला आपल्या रागांशी काय देणंघेणं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी एक सांगतो, ती तबकडी कुणाला ऐकायलासुद्धा देऊ नका. माझी अशीच गेली.

साठे मुंबईचे. १९५६ मध्ये लंडनला गेले आणि तिथलेच झाले. हॅरिअट त्यांच्याआधी पाच वर्षं, १९५१ मध्ये किंग्स्टनहून तिथं पोचला होता. नन्सनी चालवलेल्या अल्फा शाळेत, गोरगरिबांच्या पोरांसोबत तो वाजवायला शिकला. लंडनच्या जॅझवाल्यांना तेव्हा अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं वेड होतं. हाही पार्करचाच चेला, पण १९६० मध्ये त्यानं ‘फ्री फॉर्म’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्यात कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) ठरलेली चौकट नाही, लयही हवी तेव्हा सोडायची. अमेरिकेत सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन असंच काही करत होता. हॅरिअटची वाट मात्र स्वतःची. त्याच्या पाच जणांत ट्रम्पेटवाला शेक कीन सेंट व्हिन्सेंटचा, बासवाला कोलरिज गूड जमैकाचाच. ब्रिटिश जॅझला अमेरिकेची उष्टावळ सोडायला लावली ती या बाहेरून आलेल्यांनी, असं माझं मत.

रागांची कल्पना मात्र हॅरिअटची नव्हे. ती कोलकात्याच्या जॉन मेयरची. हा लंडनच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. १९६६ च्या तुमच्या तबकडीवरचं संगीत त्याचंच. पाच वादक जॅझचे, पाच त्याचे. सतारीवर दिवाण मोतिहार. ‘मेघ’ आणि ‘गौड सारंग’ ही नावं वाचून हुरळू नका. गौड सारंगची खूण असलेली ‘गरेमग’ ही सुरावट शोधत बसाल तर चिडाल. मी चिडलो होतो. सगळं लिहून दिलेलं, त्यात हॅरिअटसारख्या माणसाला अंग चोरून वाजवावं लागतं. तरी त्याची वेळ आली की सूर असा चिरत जातो, की मी मात्रा मोजायच्या सोडून दिल्या.

खरा मोकळा हॅरिअट ऐकायचा तर १९६९ ची ‘हम दोनो’ ही तबकडी मिळवा. त्यात गिटारवर अमान्सिओ डिसिल्वा आहे, मुंबईत जन्मलेला गोंयकार. तिथं दोघं एकमेकांचं ऐकून वाजवतात. त्यानंतर हॅरिअट फार जगला नाही. १९७३ च्या जानेवारीत, ४४ व्या वर्षी गेला.