कारखाना बंद होताना राजीनामा? ईएसआयचं आधी बघा

तुमचा प्रश्न असा: इंदूरजवळच्या पिथमपूरचं युनिट बंद होतंय, पगार १८,००० आहे, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात, तर बेकारीचे पैसे मिळतील का, आणि एचआरवाले मागताहेत तो राजीनामा द्यावा का?

राजीनामा देऊ नका. मी इंदूरच्या सांवेर रोडच्या एका कारखान्यात हजेरी-पगार सांभाळायचो. युनिट बंद झालं तेव्हा चौतीस जणांनी एकाच दुपारी 'व्यक्तिगत कारणास्तव' लिहिलेल्या छापील कागदावर सह्या केल्या. ईएसआयच्या पोर्टलवर प्रत्येकापुढे 'लेफ्ट सर्विस' (नोकरी सोडली) मीच टाकलं. 'रिट्रेंचमेंट' (कपात) हा पर्याय त्याच यादीत होता. आपणहून सोडलेल्या नोकरीला हे पैसे नाहीत, त्यामुळे तो कागद पुढे सगळ्यांना नडला.

स्लिपवर तुमचे १३५ रुपये दिसतात (०.७५ टक्के), कंपनी आणखी ५८५ भरते (३.२५ टक्के). दवाखान्याइतकाच बेकारी भत्ताही याच पैशांत येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सगळे अटल योजनेचं (ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना) नाव घेतात, ती २०१८ची. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस, रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मे. मेख सरासरीत आहे. दोन वर्षांची कमाई थेट ७३० ने भागतात. पूर्ण २४ महिने भरले असतील तर रोज साधारण २९६, म्हणजे ९० दिवसांचे २६,६००च्या आसपास. वीसच महिने भरले असतील तरी भागायचं ७३० नेच. मग २२,२०० च्या आत. ही योजना मुदतवाढीवर चालत आलेली आहे, तेव्हा सध्याची मुदत ईएसआयच्या शाखेत विचारून घ्या.

पण तुमचा कारखाना बंद होतोय ना? मग आधी २००५ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना विचारा. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के, आणि तेवढे दिवस दवाखानाही चालू. निदान दोन वर्षं वर्गणी भरलेली हवी. म्हणून एचआरकडून राजीनाम्याऐवजी कारखाना बंद झाल्याचं पत्र मागा, तेही तारखेसकट.

अर्ज तुमच्या आयपी नंबरच्या (ईएसआयचा विमाधारक क्रमांक) शाखेत. जायच्या आधी आधार, पासबुक आणि ईएसआयवरचं नाव एकदा जुळवून बघा. इकडे एका कागदावर नुसतं नाव-आडनाव असतं, दुसऱ्यावर आपल्या पद्धतीनं मध्ये वडील!