गज टाकून बघ

चि. बाय हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तू आलीस, चहा अर्धा ठेवून उठलीस आणि जाताना फाटकाशी थांबून विचारलेस, "काका, वरून जे सांगितले ते मी मोठ्याने सांगितले, एवढेच ना मी केले?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. दोन रात्री ते वाक्य डोक्यात घोळते आहे, म्हणून लिहायला बसलो. तू गुणी आहेस, पुढे चांगले दिवस येतील, हे सांगायला तुझ्या घरी माणसे आहेत. त्यात मी शाई घालवत नाही.

घडले ते असे. लोटलीच्या त्या जुन्या घरात चित्रीकरणाची तालीम चालू होती. मुख्य सहायक दिग्दर्शकाने लांबूनच हात करून "खाली आहे, सांगून टाक" म्हटले, खाली म्हणजे रिकामी. तू, दुसरी सहायक, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "बंदूक खाली आहे" म्हणालीस. नटाने चाप ओढला, आणि आत राहून गेलेल्या ब्लँक, म्हणजे गोळी नसलेल्या, काडतुसाने जवळ दिवा धरून बसलेल्या पोराचा तळहात नि मनगट भाजून काढले. पोरगा बांबोळीच्या इस्पितळात आहे, आणि कंपनीच्या वकिलाने तुझ्यापुढे ठेवलेल्या कागदात "सर्व आवश्यक खबरदारी घेतलेली असतानाही" असे शब्द आहेत. त्या शब्दांखाली तुझी सही हवी आहे. सही करू नकोस असे मी म्हणणार, हे ठाऊक असूनच तू आलीस. का करू नये, ते सांगतो.

गोवा घटक राज्य झाले त्याच्या पुढल्या हिवाळ्यातली गोष्ट. अंत्रुज महालातल्या आमच्या गावी देवळाच्या उत्सवात दरवर्षी मराठी नाटक होई, आणि त्या वर्षी रंगमंचावरच्या सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती. नाटकात बंदूक उडते. आम्ही एका बागायतदाराची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक मागून आणली; कुळागरात रानडुकरे शिरतात म्हणून त्याच्याकडे तिचा परवाना होता. नळीच्या मागच्या टोकाशी जी बत्ती असते तिच्यावर नुसती स्फोटक टोपी लावायची, चाप ओढला की टोपी तडकते, प्रेक्षकांना आवाज मिळतो, नळी रिकामीच राहते, अशी आमची योजना. बागायतदाराच्या गड्याने बंदूक हाती देताना "खाली आहे" म्हटले. मी ती नटाच्या हाती देताना "खाली आहे" म्हटले. नळीत आदल्या दिवशीची दारू आणि वर ठासलेला चिंध्यांचा बोळा तसाच होता. समोर तीन हातांवर उभा असलेला माझा मित्र, जो त्या प्रवेशात सावकाराचे काम करीत होता, त्याचा डावा डोळा गेला.

ठासणीची बंदूक उघडून बघता येत नाही, पण नळीखालच्या खाचेत तिचा लोखंडी गज असतो. तो तोंडातून आत सोडायचा, नळीच्या काठाशी बोट धरून खूण करायची, मग बाहेर काढून, खूण नळीच्या तोंडाशी ठेवून, नळीला समांतर धरायचा. गजाचे टोक बत्तीपर्यंत पोचले तर नळी रिकामी. चार बोटे आधीच थांबले तर आत काहीतरी आहे. याला अर्धे मिनिट लागते. बंदूक माझ्या हातात असताना गजही माझ्याच हातात होता, बाय. मी तो टाकून बघितला नाही.

तेव्हापासून माझ्याजवळ एकच नियम उरला आहे आणि तो मी तुला पुन्हा पुन्हा ऐकवणार आहे: गज टाकल्याशिवाय "खाली" म्हणू नकोस. दुसऱ्याने बघितले असेल, दुसरा जाणकार असेल, दुसरा पगारच त्याचा घेत असेल. तरी तुझ्या तोंडून "खाली" हा शब्द जाणार असेल, तर तुझ्या डोळ्यांनी नळीचा तळ दिसलेला असला पाहिजे.

तू म्हणालीस, अमेरिकेत एवढे मोठे प्रकरण झाले आणि शेवटी नट सुटलाच की. ते प्रकरण मी तुझ्यापेक्षा बारकाईने वाचले आहे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत सांता फे जवळच्या एका रँचवर चित्रपटाची तालीम चालू असताना नट ॲलेक बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. छायालेखिका हलिना हचिन्स वयाच्या ४२ व्या वर्षी गेल्या आणि त्याच गोळीने दिग्दर्शक जखमी झाला. बंदूक "कोल्ड" आहे, म्हणजे तिच्यात उडणारे काही नाही, असे त्याआधी पुकारले गेले होते. पुढे त्या सेटवर एकूण सहा खरी काडतुसे निघाली. शस्त्रांची जबाबदारी सांभाळणाऱ्या तरुण आर्मररकडे प्रॉपर्टीचेही, म्हणजे सेटवरच्या सामानाचेही, काम होते आणि गोळी सुटली तेव्हा ती त्या जागेत हजर नव्हती. पाचच दिवस आधी त्याच सेटवर दोन बार चुकून उडाले होते, आणि कॅमेऱ्याच्या चमूतली माणसे सुरक्षेच्या तक्रारी करून काम सोडून गेली होती. मार्च २०२४ मध्ये आर्मरर दोषी ठरली आणि तिला अठरा महिन्यांची कैद झाली. बाल्डविन यांच्यावरचा खटला १२ जुलै २०२४ रोजी न्यायाधीशांनी निकाली काढला तो सरकारी पक्षाने काडतुसांचा पुरावा बचाव पक्षापासून दडवला म्हणून. आपण चाप ओढलाच नाही, असे ते पहिल्यापासून सांगत आले होते. त्या म्हणण्याचा निवाडा झालाच नाही. खटला पुन्हा उभा करता येणार नाही एवढेच ठरले. "सुटला" या शब्दाने तू स्वतःला जो धीर देते आहेस, तो त्या निकालात कुठेही नाही.

आणि तू नटाकडे का बघतेस? तुझ्या जागेवरचा माणूस त्या प्रकरणात वेगळा आहे. तो मुख्य सहायक दिग्दर्शक. त्या सगळ्या प्रकरणात पहिली शिक्षा त्याला झाली. प्राणघातक शस्त्र निष्काळजीपणे हाताळल्याच्या आरोपाला त्याने आव्हान दिले नाही आणि सहा महिन्यांचे प्रोबेशन पत्करले. पोलिसांना त्याने सांगितले की सिलिंडरमधली तीन काडतुसे पाहिल्याचे आठवते, सगळी बघायला हवी होती, बघितली नाहीत. डमी, म्हणजे नुसते दिसायला खरे आणि न उडणारे, काडतूस ओळखणे अवघड नसते. पुष्कळ डमींमध्ये दारूऐवजी बारीक छर्रा ठेवतात, कानाशी हलवले की खुळखुळते. काहींच्या अंगाला भोक असते. सहा काडतुसे एकेक काढून कानाशी धरायला किती वेळ लागला असता? त्यांचा गज तोच होता, आणि तो कोणी टाकला नाही.

आर्मररला शिक्षा सुनावताना न्यायाधीश म्हणाल्या की सुरक्षित शस्त्र जीवघेणे केले ते तिने एकटीने. कायद्याला एक हात पकडावा लागतो हे मला समजते, पण "एकटीने" हा शब्द मला आजही पटलेला नाही. त्या बंदुकीला जेवढे हात लागले आणि तिच्याविषयी जेवढी तोंडे बोलली, त्यांतल्या प्रत्येकाला थांबण्याची संधी होती.

ब्लँक म्हणजे नुसता आवाज, असे तुझा तो वरिष्ठ म्हणाला ना? १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम नावाच्या तरुण अमेरिकन नटाने मालिकेच्या सेटवर ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला आणि सहा दिवसांनी तो मेला. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण दारू असते, वर बोळा असतो, आणि नळीच्या तोंडाशी त्या वायूचा दाब हाड फोडतो. माझ्या मित्राच्या डोळ्यावर तरी चिंध्याच आदळल्या होत्या. १९९३ च्या मार्चमध्ये ब्रँडन ली हा नट सेटवर गेला तो आणखी निराळ्या चुकीने. खऱ्या काडतुसांतली दारू काढून सेटवरच डमी बनवल्या होत्या, काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारे प्राइमर मात्र तसेच राहिले. एका प्राइमरच्या तेवढ्याशा जोराने गोळी निघून नळीत अडकून बसली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक घातले गेले आणि ब्लँकने ती अडकलेली गोळी बाहेर ढकलली. ज्याने चाप ओढला त्या नटाचा काही दोष नव्हता, आणि कोणावरही फौजदारी खटला झाला नाही. तो वृत्तान्त मी प्रथम वाचला तेव्हा पेपर हातातून खाली ठेवून ओसरीवर जाऊन बसलो. दोन प्रसंगांच्या मध्ये त्या नळीत कोणी एक गज घातला असता, तर तो अडला असता.

आता आपल्या कायद्याकडे ये. मी वकील नव्हे, पण ही कलमे गेली कित्येक वर्षे उशाशी घेऊन झोपलो आहे. हयगयीने मृत्यू घडवल्यास जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. इजा झाली तर कलम १२५: साध्या दुखापतीला सहा महिन्यांपर्यंत, गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत. अपघाताला माफी देणारे कलम १८ आहे आणि तुझ्या कंपनीचा वकील त्याच्याच भरवशावर बसला आहे. ते कलम नीट वाच. कृत्य कायदेशीर हवे, रीत आणि साधन कायदेशीर हवे, वाईट हेतू नको, आणि त्याबरोबर योग्य काळजी व खबरदारी घेतलेली हवी. शिवाय अशा अपवादाचा आधार घेणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो, असे नव्या साक्ष अधिनियमाचे कलम १०८ सांगते. म्हणजे "खबरदारी घेतली" हे त्यांना दाखवावे लागेल, आणि त्यांच्याजवळ दाखवायला काय आहे? तुझी सही. म्हणूनच त्यांना ती घाईने हवी आहे.

वकील तुला आणखी एक गोष्ट सांगेल, आणि ती खोटी नाही. हयगय ही मृत्यूचे निकटचे, थेट कारण असली पाहिजे, मध्ये दुसऱ्याची चूक आली असता कामा नये, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ मध्ये सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात मुंबईच्या रंगाच्या कारखान्यातील आगीच्या खटल्यात उचलून धरले. त्या आगीत सात कामगार गेले. व्यवस्थापकाने ज्वालाग्राही माल ठेवलेल्या खोलीतच शेगड्या पेटवू दिल्या होत्या; पण आग भडकली ती एका कामगाराने घाईने टर्पेंटाइन ओतल्यामुळे, म्हणून मृत्यूच्या आरोपातून व्यवस्थापक सुटला आणि आग निष्काळजीपणे हाताळल्याबद्दल तेवढा दोषी ठरला. तुझ्या बाबतीतही कोर्ट कदाचित म्हणेल की निकटचे कारण तू नव्हेस. म्हणू दे. मी तुला कोर्टापासून वाचवायला हे लिहीत नाही. कोर्टाने मला कधी बोलावलेच नाही. बागायतदार वजनदार होता, पोलिसांत कोणी गेले नाही, उत्सव समितीने "दैवदुर्विलास" असे लिहिलेला कागद केला, आणि त्याच्यावर माझी तिसरी सही आहे.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नांदी झाली होती, समितीचे अध्यक्ष विंगेत येऊन दोनदा ओरडून गेले होते, बंदूक मालकाच्या माणसाने स्वतः खाली म्हणून दिली होती, आणि गज टाकून बघायचा असतो हे मला कोणी शिकवले नव्हते; ते मी नंतर एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून शिकलो. हे सगळे खरे आहे. गेली सदतीस-अडतीस वर्षे मी ते स्वतःला सांगत आलो आहे आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही. तरीसुद्धा, खाली आहे की नाही हे मला माहीत नव्हते आणि मी "खाली आहे" म्हटले, हे त्यांतल्या एकाही वाक्याने पुसले जात नाही.

नंतर मी बाहेरून येणाऱ्या युनिटांबरोबर प्रॉपर्टीचे काम केले, आणि तिथे लोक मला हट्टी म्हणत, ते तू ऐकलेच असशील. शापोऱ्याच्या किल्ल्यावर एकदा सूर्य बुडायला दहा मिनिटे असताना मी तीन रिव्हॉल्व्हर एकेक उघडून, नटाला आणि कॅमेऱ्याजवळच्या प्रत्येकाला आत बघायला लावून मगच हाती दिली. शॉट गेला. दुसऱ्या दिवशीचे अख्ख्या युनिटचे भाडे माझ्यामुळे पडले असे मला सांगण्यात आले, आणि त्या कंपनीने पुन्हा कधी बोलावले नाही. आणखी एक काम असेच गेले. मला त्याचे वाईट वाटत नाही, आणि तुला वाटेल ही भीती मला अधिक आहे. तू दुसरी सहायक आहेस, कॉल शीटवर तुझे नाव खालून चौथे आहे, तुझ्या म्हणण्याने कोणी थांबणार नाही, हे तू तीनदा सांगितलेस. थांबणार नाहीत तर नाहीत. पण न बघता पुकारायला तुझा आवाज त्यांना मिळता कामा नये, एवढे तर तुझ्या हातात होते ना? मुळात तालमीला ब्लँक भरलेली बंदूक हवीच कशाला होती? रबराची चालली असती, आणि धूर-ठिणगी आता संगणकावर टाकता येते. हे तू विचारायला हवे होतेस. रागावतो आहे, कारण तू विचारू शकणारी मुलगी आहेस.

आता काय करायचे ते ऐक. त्यांचा कागद त्यांना परत दे. वेगळ्या कागदावर तू जे पाहिलेस आणि जे पाहिले नाहीस, तेवढेच तारीख-वेळ घालून लिही. "मी चेंबर उघडून पाहिला नाही, मला सांगण्यात आले ते मी पुकारले" हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. ते लिहिताना हात अडेल. कोणी कसे सांगितले तेही लिही, पण त्या माणसाच्या मनात काय होते ते लिहू नकोस, ते तू पाहिलेले नाहीस. एक प्रत तुझ्याजवळ ठेव, आणि देण्याआधी आपल्या माणसांतल्या एखाद्या वकिलाला दाखव, कंपनीच्या नव्हे.

त्याआधी बांबोळीला जाऊन ये. हात कसा आहे हे फोनवर विचारू नकोस, जाऊन बघ. जखमी माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा त्याला नेहमीचे काम करता आले नाही, तर नव्या संहितेत ती गंभीर दुखापत ठरते; पूर्वी वीस दिवसांचा हिशेब होता. आज नववा दिवस आहे. कंपनी त्याला "चार दिवसांत कामावर ये, हलके काम देऊ" असे सांगत असेल, तर त्याच्या आईला हा पंधरा दिवसांचा अर्थ समजावून सांग आणि डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिले आहे ते तुझ्या डोळ्यांनी वाच. तो बोलायला तयार नसला तर बाकावर बसून राहा. मी माझ्या मित्राच्या खाटेशी तेरा दिवस बसलो होतो आणि गजाविषयी बोललो नाही. बंदूक कोणीतरी तपासली होती, असेच तो आजवर समजून आहे.

कागद लिहून झाला की रविवारी सकाळी घेऊन ये, दोघे बसून वाचू. शनिवारी येऊ नकोस, मी घरी नसेन. त्या दिवशी पहिल्या बसने मला सावईवेऱ्याला जायचे आहे, त्याच्याकडे.

तुझा,
काका