अपॅची दुसऱ्या युजरखाली कसा चालवायचा?

सांगली मार्केट यार्डातल्या तुमच्या अडत दुकानाच्या साइटवर हळदीच्या पावत्या अपलोड होत नाहीत, म्हणून उबुंटूवरचा अपॅची (साइट लोकांपर्यंत पोचवणारा वेब सर्व्हर) स्वतःच्या लॉगिनखाली चालवायचा आहे, असं तुम्ही विचारलंय. करता येतं. अपॅचीच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये एन्व्हव्हार्स नावाची फाइल असते. तिच्यात रन-युजर आणि रन-ग्रुप अशा दोन ओळी आहेत. तिथलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा (अपॅचीचा नेहमीचा युजर आणि ग्रुप) काढून नवं नाव लिहा आणि अपॅची पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, नुसतं रीलोड करू नका. एक प्रोसेस तरीही रूटची, म्हणजे सर्वाधिकारी युजरची, दिसेल, घाबरू नका. ८० नंबरचं पोर्ट उघडायला ती लागते. पीएचपी एफपीएमवर, म्हणजे अपॅचीबाहेर वेगळ्या सेवेत, चालत असेल तर मात्र याचा उपयोग नाही, त्याचा युजर त्याच्या पूल फाइलमध्ये ठरतो.

पण माझं ऐकाल तर हे करूच नका. तुमच्या लॉगिनला बहुतेक सूडो (रूटचे अधिकार वापरायची मुभा) आहे, एसएसएचच्या (दुसऱ्या सर्व्हरवर शिरायच्या) किल्ल्या आहेत, घरच्या फाइली आहेत. साइटमध्ये एक भोक सापडलं की हे सगळं चोराच्या हाती. पेवातली हळद काढायला कुणी तिजोरीची किल्ली देतं का?

त्यापेक्षा फक्त अपलोड फोल्डरचा ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा करा, त्याला २७७५ परवानगी (मालक आणि ग्रुप दोघांना लिहिता येईल अशी) द्या आणि स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला. सुरुवातीचा २ महत्त्वाचा: त्यामुळे आत तयार होणाऱ्या फाइलींनाही तोच ग्रुप लागतो. ग्रुप बदलल्यावर एकदा लॉगआउट करून परत आत या. आणि कुणी कितीही सांगितलं तरी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊ नका.