प्रश्न तुमचे: फायरवॉल असूनही शेल कसं मिळतं?

प्रश्न: आमचा फायरवॉल बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी अडवतो. तरीही सुरक्षा चाचणी करणाऱ्यांनी सर्व्हरवर रिव्हर्स शेल, म्हणजे दुरून आज्ञा चालवण्याची सोय, मिळवलं. हे कसं शक्य आहे?

उत्तर: कारण जोडणी बाहेरून आत आलीच नाही. तुमच्याच सर्व्हरने ती बाहेर केली. परीक्षक आपल्या यंत्रावर जोडणी येण्याची नुसती वाट पाहत बसतो. वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या त्रुटीतून एखादी आज्ञा चालवता आली की सर्व्हर स्वतःहून त्याच्याकडे जोडणी करतो आणि शेलचं इनपुट-आउटपुट तिच्यावर सोपवतो. पोर्ट (जोडणीचा क्रमांकित दरवाजा) बहुधा ४४३, कारण एचटीटीपीएससाठी, म्हणजे सुरक्षित वेबसाइटींसाठी, तो बाहेर जायला मोकळा असतो.

लेखी परवानगीने केलेल्या माझ्या एका चाचणीत डेटाबेस सर्व्हरला इंटरनेटवर कुठेही जाता येत होतं. त्याला त्याची काडीचीही गरज नव्हती! ते पाहून मला खरंच वाईट वाटलं, कारण एका नियमाने ती वाट बंद झाली असती.

म्हणून बाहेर जाणाऱ्या जोडण्या मुळातच नाकारा आणि लागतील तेवढेच पत्ते उघडा. डीएनएसची (नावांवरून पत्ते शोधण्याची) विचारणाही आतल्याच सर्व्हरकडून जाऊ द्या. वेब सर्व्हरच्या प्रक्रियेतून अचानक शेल सुरू झालं तर लगेच इशारा मिळायला हवा. पोर्ट कोणताही असो, ही खूण सहसा लपत नाही.