ओव्हरक्लॉक केल्यानंतर पीसी बंद पडायला लागला, तर प्रोसेसरच गेला असं धरायचं का?

तुम्ही लिहिलंय की रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर घेऊन पीसी स्वतः जोडला, मग ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर पळवायला त्याचे सगळे कोअर (आतली गणना करणारी केंद्रं) ४.६ गिगाहर्ट्‌झला लावले, दोन महिने नीट चालला. आता गेम लावला की दहा मिनिटांत धाडकन रिस्टार्ट होतो आणि कधीकधी सकाळी डिस्प्लेच येत नाही. बायोस (बोर्डमधली सेटिंग्ज) डिफॉल्टला, म्हणजे मूळ स्थितीला आणूनही तेच. दुकानदार म्हणतो, ओव्हरक्लॉक केलंत ना, मग प्रोसेसर गेला. आणि तुम्ही विचारताय, नवा घेऊ का?

घेऊ नका. निदान आज तरी नको. त्या दुकानदाराने मीटर लावला होता का? दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जोडून पाहिला होता का? 'ओव्हरक्लॉक' हा शब्द कानावर पडला आणि त्याची तपासणी तिथेच संपली. हेच वाक्य मी २०१२ मध्ये ऐकलंय आणि त्यापायी माझी धडधाकट मशीन आठ महिने चादरीखाली पडून होती. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आमचं घर इचलकरंजीत. थोरल्या दादाचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे, मागाच्या जळालेल्या मोटरी रोज येतात. मी इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला असताना, २०११ च्या दिवाळीत, आईच्या भिशीचे पैसे आणि आप्पांनी घातलेली भर यातून पीसी जोडला. आय-५ २५००के, पी-६७ चिपसेटचा बोर्ड, चार-चार जीबीच्या दोन रॅम, एक बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड. तो प्रोसेसर ज्यांनी वापरलाय त्यांना सांगायला नको. मूळ ३.३ गिगाहर्ट्‌झचा, पण मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) ३३ चा ४५ केला की बऱ्या कूलरवर ४.५ ला सहज धावायचा. मी १.३२ व्होल्टवर बसवला, प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण लोड देणारा चाचणी प्रोग्राम) रात्रभर चालवलं, एकही एरर नाही.

पैसे संपत आले तेव्हा एसएमपीएस राहिला होता. मला चांगला ५५० वॉटचा हवा होता, त्याला अडीच-तीन हजार जास्त पडणार होते. दादा म्हणाला, "कॅबिनेटबरोबर ४५० वॉटचा फुकट येतोय की. सप्लाय म्हणजे सप्लाय, त्याला काय सोनं लागलंय?" आप्पांनी मान डोलावली. मी गप्प बसलो.

पुढच्या मे महिन्यात, माळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत, गेम खेळताना मशीन रिस्टार्ट व्हायला लागली. ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळताना दाखवते तो निळा पडदा) नाही, काही नाही. पडदा काळा आणि थेट बोर्डचा लोगो. मी क्लॉक परत ३.३ वर आणला. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा सुरू. आठवड्याभराने एका सकाळी बटण दाबलं तर पंखा अर्धा फेरा फिरून थांबला. दादा दारात उभा होता. "रेटिंगच्या वर पळवलंस की वाइंडिंग जाणारच की. रोज तेच बघतोय मी."

कोल्हापुरातल्या एका दुकानात मशीन घेऊन गेलो. मी खरं ते सांगितलं, ४.५ ला चालवत होतो. त्या माणसाने कॅबिनेटचा पत्रासुद्धा काढला नाही. "प्रोसेसर उडाला. वॉरंटीत बसत नाही." एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी आप्पा एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. सेमिस्टरचा प्रोजेक्ट मी मित्राच्या लॅपटॉपवर, तो झोपल्यावर, रात्री बसून केला. सगळ्यात वाईट म्हणजे माझाही विश्वास बसला होता. आईचे पैसे मी जाळले असं मी आठ महिने धरून चाललो.

२०१३ च्या संक्रांतीला वर्गातल्या एका मित्राने आय-३ आणि एच-६१ चा बोर्ड घेतला. सॉकेट तेच, ११५५. त्याला विनवण्या करून माझा प्रोसेसर त्याच्या बोर्डात घातला. एच-६१ वर ओव्हरक्लॉक होतच नाही, म्हणजे तो मूळ वेगालाच चालणार. विंडोज उघडलं. प्राइम९५ चार तास चाललं. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. मग माझ्या दोन्ही रॅम त्याच्याकडे रात्रभर मेमटेस्टला (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामला) लावल्या, शून्य चुका. ग्राफिक कार्डही त्याच्या मशीनवर चाललं. उरले बोर्ड आणि एसएमपीएस.

आणि इथे मला दादाचीच शिकवण उपयोगी पडली. त्याच्या वर्कशॉपचा नियम आहे की मोटर दुरुस्त झाली असं लोड दिल्याशिवाय म्हणायचं नाही. "बिनलोडाला सगळेच शहाणे" हे त्याचं वाक्य. मशीन घरी आणली, जोडली, पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर एकदाची उठली. दादाचा मल्टिमीटर घेतला, सप्लायच्या मोकळ्या चार पिनी कनेक्टरमध्ये पिवळ्या आणि काळ्या वायरच्या पिनांना लावला. डेस्कटॉपवर १२.०८ व्होल्ट. गेम सुरू केला, ११.६. मग ११.४. मग ११.१ दिसले आणि पडदा काळा. बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली ती उतरताच कामा नये. साधा मीटर सावकाश वाचतो, त्यामुळे खरी घसरण याहूनही खोल असणार. दादाला हाक मारली. त्याने तीन वेळा करून पाहायला लावलं. मग सप्लाय काढून, आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) बल्ब लावून रिकामा करून, त्याने स्वतःच्या हाताने तो उघडला. आउटपुटचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी खपली.

नवा ५५० वॉटचा एसएमपीएस बसवला. मशीन उठली, आणि त्याच १.३२ व्होल्टवर तोच ४.५ पुन्हा धरला. प्रोसेसर थोडाही झिजला असता तर तेवढ्या व्होल्टेजवर तो तिथे टिकला नसता.

आता तुमच्याकडे वळतो. ब्लू स्क्रीन काढायलाही प्रोसेसर शुद्धीवर लागतो. सप्लायमधून एक करडी वायर बोर्डला सतत 'वीज ठीक आहे' असा इशारा देत असते. व्होल्टेज कोसळलं की तो इशारा जातो आणि बोर्ड त्याच क्षणी सगळं रिसेट करतो, विंडोजला काही लिहायला वेळच मिळत नाही. म्हणून काळा पडदा पाहिला की माझं बोट आधी एसएमपीएसकडे जातं. पण आधी विंडोजमधलं आपोआप रिस्टार्ट होण्याचं सेटिंग बंद करा, नाहीतर ब्लू स्क्रीन येऊन गेलेली तुम्हाला दिसणारही नाही. मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सगळ्यांना सापडते आणि सगळे तिच्यावर निकाल लावतात. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद झाली नव्हती. तुम्हाला शोधायची आहे ती व्हीया-लॉगर १८. ती असेल तर प्रोसेसरने स्वतः चूक नोंदवलीय, आणि रायझनमध्ये ती ब्लू स्क्रीन न येताही सापडते. ती नसेल तर संशय आधी विजेवर.

'डिफॉल्टला आणलं' म्हणालात. रॅमचं प्रोफाइल (तिला मूळ वेगाच्या वर नेणारं सेटिंग) बंद केलं का? एक्सएमपी किंवा डीओसीपी हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, लोक ते विसरतात. प्रोफाइल बंद करून रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालू द्या, एकच रॅम ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. सकाळी डिस्प्ले येत नाही तेव्हा बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट यांपैकी कुठला लाइट अडकतो ते पाहा. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड काढून बोर्डला केबल लावलीत तर काहीच दिसणार नाही, त्यावरून बोर्ड मेला असं समजू नका.

आणि कुणाचा तरी चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून आणा. मीटरपेक्षाही ही परीक्षा खरी. जुना सप्लाय मात्र उघडू नका. २३० व्होल्ट डीसी केल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. दादा ते काम रोज करतो, तुम्ही नाही. कूलर काढायची वेळ आलीच तर आधी मशीन थोडी चालवून गरम करा आणि कूलर डावीउजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात, आणि मग खरोखर नवा घ्यावा लागतो.

आता 'रेटिंगच्या वर पळवलं की जळतंच' याबद्दल. मोटरला हे लागू आहे. तिथे तांबं तापतं, वॉर्निश जळतं, आणि ओव्हरलोड रिले नसेल तर थांबवणारं कुणी नाही. प्रोसेसर आपलं तापमान स्वतः मोजतो, वेग उतरवतो, तरी भागलं नाही तर बंद होतो. त्याला मारतं ते जास्तीचं व्होल्टेज, आणि बहुतेक वेळा हळूहळू. करंटबरोबर आतल्या बारीक तारांमधले धातूचे अणू सरकत जातात. त्याचं लक्षण वरून खाली येतं. आधी ४.६ टिकत नाही, मग ४.५, आणि मूळ वेग सगळ्यात शेवटी जातो. तुमची मशीन ४.६ ला जशी पडते तशीच डिफॉल्टलाही पडते. झिजलेला प्रोसेसर असा वागत नाही.

दादाला मी हे कितीदा तरी सांगितलंय. फुगलेले कपॅसिटर त्याने स्वतः पाहिले, तरी घरच्या प्रत्येक लग्नात नव्या पाहुण्यांना सांगतो की धाकट्याने कॉम्प्युटर जाळला होता. आता त्याने मुद्दा बदललाय, "तू लोड वाढवलास म्हणून सप्लाय गेला." दादा, हिशेब कर. वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३.३ चे ४.५, अंदाजे १.२ व्होल्टचे १.३२, म्हणजे जवळपास १.६५ पट. ९५ वॉटचे १५५ धर. वरचे ६० वॉट माझे, मान्य. ग्राफिक कार्ड आणि बाकीचं सगळं धरूनही मशीन साडेतीनशेच्या पुढे जात नव्हती. ज्याच्यावर ४५० लिहिलंय तो साडेतीनशेला बसत असेल तर खोटं बोललाय तो लेबल लावणारा, मी नाही.

एक मात्र मानतो. ते ६० वॉट नसते तर तो सप्लाय कदाचित आणखी वर्षभर ओढला असता. आणि एसएमपीएस घेताना मी गप्प बसलो नसतो तर हे घडलंच नसतं.

तुमच्या बाबतीतही एक गोष्ट माझं सगळं म्हणणं उलटवू शकते. ४.६ साठी व्होल्टेज किती दिलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. सगळ्या कोअरना दोन महिने सतत १.४ च्या वर दिलं असेल तर मीही प्रोसेसरवर संशय घेईन. शिवाय डिफॉल्टवर चालणारा प्रोसेसर सुरक्षितच असतो असंही नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही जास्तीच्या व्होल्टेजने खराब होत होते, २०२४ मध्ये कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तुमचा त्यातला नाही, पण मूळ सेटिंगवर आंधळा विश्वास नको म्हणून सांगितलं.

माझा २५००के आज दादाच्याच वर्कशॉपमध्ये आहे, ४.२ वर, बिलं काढतो.

एसएमपीएस कुठला आहे, किती वर्षांचा आहे, ग्राफिक कार्ड कोणतं आणि व्होल्टेज किती दिलं होतं, या चार गोष्टी इथे लिहा. व्हीया-लॉगर १८ सापडली की नाही तेही. मी पाहतो.