बिल चुकीचं आहे हे तुम्ही लेखी कधी सांगितलं?

प्रश्न : मॅडम नमस्कार. अंबड एमआयडीसीत आमची प्रेस पार्ट्स आणि पावडर कोटिंगची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, मी आणि माझा मेहुणा डायरेक्टर, २६ कामगार. मागच्या वर्षी एका एनर्जी कन्सल्टंटला काम दिलं. लाइट बिल कमी करून देतो म्हणाला, जी बचत होईल तिच्या ३० टक्के फी, वर्षभर. दोन पानांचं अॅग्रीमेंट झालं. त्याने कपॅसिटर पॅनल बघितलं, रिले बदलायला लावला, काँट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेला जास्तीत जास्त लोड) कमी करायचा अर्ज करून दिला, आणि पहिल्या तिमाहीचं बिल आम्ही मुकाट्याने भरलं. मग आमचं मोठं गिऱ्हाईक गेलं, कोटिंगची इलेक्ट्रिक भट्टी बंद पडून राहिली आणि थोडंफार काम येतं ते आम्ही बाहेरून करून घेतो, त्यामुळे लाइट बिल उतरणारच ना. आता तो म्हणतो उरलेल्या तीन तिमाहीत १९ लाख वाचले, फी ५ लाख ७० हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ६ लाख ७२ हजार ६००, त्यावर २४ टक्के व्याज. वकिलाची नोटीस आलीय की १५ दिवसांत द्या नाहीतर एमएसएमईत टाकू आणि एनसीएलटीत जाऊन कंपनी दिवाळखोरीत काढू. फोनवर मी दहादा सांगितलं की ही बचत तुमच्यामुळे नाही. पण अकाउंटंटने तिन्ही बिलं एंटर करून जीएसटी क्रेडिट घेऊन टाकलंय आणि मीही एकदा मेलवर ‘पेमेंटचं जरा टाइट आहे, पुढच्या महिन्यात बघतो’ असं लिहून बसलोय. ओळखीतले म्हणतात नोटिशीला उत्तर देऊ नको, उत्तर दिलं की अडकतो. काय करू?
— एक उद्योजक, अंबड

उत्तर : उत्तर द्या, आणि १५ दिवस संपायच्या आत द्या. ‘उत्तर दिलं की अडकतो’ हा सल्ला अंबड-सातपूरला चहाच्या टपरीवर फार मिळतो आणि त्याने छोट्या कंपन्यांचं खूप नुकसान झालेलं मी पाहिलंय. गप्प बसलात म्हणून दावा आपोआप मान्य होत नाही हे खरं, पण उद्या कोर्टात किंवा छोट्या उद्योगांच्या थकबाकीचा निवाडा करणाऱ्या एमएसएमई कौन्सिलसमोर पहिला प्रश्न हाच येतो की बिल चुकीचं होतं तर तेव्हा का बोलला नाहीत. तुम्ही दहादा बोललात, पण फोनवर, आणि त्याची तुमच्याकडे काही नोंद नाही.

आधी एनसीएलटीची, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची, भीती काढून टाका. पुरवठादाराला दिवाळखोरी कायद्याखाली जायचं असेल तर थकबाकी किमान १ कोटी लागते, आधी ही मर्यादा १ लाख होती, २४ मार्च २०२० पासून वाढवली. पावणेसात लाखांसाठी तो दरवाजा उघडत नाही. तरी त्या कायद्याच्या कलम ८ची डिमांड नोटीस आलीच तर १० दिवसांत उत्तर द्यायचं. आणि त्याच कायद्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २०१७चा मोबिलॉक्स निकाल तुमच्या कामाचा आहे, कारण त्यात म्हटलंय की वाद खरा हवा आणि डिमांड नोटीस येण्याआधीपासूनचा हवा, नोटीस आल्यावर शोधून काढलेला नको. कायद्याने तो निकाल तुमच्या केसला लागू नाही पण समोर बसलेला माणूस कुठल्याही मंचावर असाच विचार करतो. म्हणून नोटिशीच्या आधीचं जे काही लेखी असेल, व्हॉट्सअॅपवर ‘भट्टी बंद आहे, बिल कसं काय एवढं’ असा एखादा मेसेज, कन्सल्टंटच्या माणसाशी झालेलं चॅट, ते आजच शोधा आणि फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) असते, नुसते स्क्रीनशॉट काढून भागत नाही.

एमएसएमईची धमकी मात्र खरी आहे, ती हलक्यात घेऊ नका. कन्सल्टंट सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६च्या कायद्याने त्याचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि काहीही ठरलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के होतात आणि ते व्याजावर व्याज चढत जातं. शिवाय निकाल तुमच्या विरुद्ध गेला आणि तो कोर्टात आव्हान द्यायचा झाला तर आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते, छोट्या कंपनीचा श्वास तिथेच अडकतो. म्हणून त्याच्याकडून उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणी झाल्याचा दाखला, मागवा आणि त्यावरची तारीख बघा. नोंदणी तुमच्या अॅग्रीमेंटनंतरची असेल तर तो मुद्दा उत्तरात पहिल्याच पानावर घ्या. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. या कायद्यात सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असं धरून मुदत मोजायला लागतात. हरकत लेखी हवी, आणि तुमची वेळ गेलीय. ती गेली म्हणून आकडा बरोबर ठरत नाही, पण व्याजाचं घड्याळ लवकर सुरू झालं असं ते म्हणतील हे मनात धरून चला.

आता मुख्य गोष्ट. तुमची केस ‘काही देणं नाही’ अशी नाहीये, आणि तशी मांडू नका, कृपा करून. त्याने काम केलंय, रिले बदलला, डिमांड कमी करून दिली, त्याचा फायदा तुम्हाला आजही दर महिन्याला मिळतोय. त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. भांडण फक्त एवढंच आहे की १९ लाखांतले किती त्याच्या कामामुळे वाचले आणि किती तुमची भट्टी थंड पडली म्हणून, आणि हा हिशोब लाइट बिलातूनच निघतो.

तुमच्यासारख्या औद्योगिक ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच वर, म्हणजे खेचलेल्या एकूण विजेवर बिल येतं, केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष कामाला आलेल्या विजेवर नाही, आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की येतो तो पॉवर फॅक्टर. म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारला की त्याची बचत केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच या दोन आकड्यांतल्या अंतरात दिसते. उदाहरण घ्या, महिन्याला ५०,००० केडब्ल्यूएच वापर आहे आणि पॉवर फॅक्टर ०.९२, तर बिल साधारण ५४,३५० युनिटचं येणार, तोच ०.९९ केला तर ५०,५०० च्या आसपास. ही सुमारे ३,८५० युनिट कन्सल्टंटची, त्यात वाद घालायचं कारण नाही. डिमांड चार्जेसची ओळ वेगळी असते, काँट्रॅक्ट डिमांड उतरवल्याने तिथे जेवढा फरक पडला तोही त्याचाच. पण मुळातले ५०,००० च जर ३०,००० वर आले तर ते वीस हजार युनिट तुमच्या गेलेल्या गिऱ्हाइकाचे आहेत, आणि गिऱ्हाईक गेल्याची ३० टक्के फी कोण देतं हो?

म्हणून मागची २४ महिन्यांची बिलं काढा, शेजारी प्रॉडक्शन रजिस्टर ठेवा आणि दर किलो मालाला किती युनिट लागली हे महिन्यागणिक मांडा. भट्टीचं लॉगबुक, बाहेर कोटिंगला पाठवलेल्या मालाची जॉबवर्क चलनं, त्या जॉबवर्कची बिलं, शिफ्ट बंद केल्याची नोटीस, गेलेल्या गिऱ्हाइकाचा शेवटचा ऑर्डर मेल, सगळं एका फाइलीत. जमलं तर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीची परीक्षा पास झालेल्या एखाद्या सर्टिफाइड एनर्जी ऑडिटरकडून स्वतंत्र रिपोर्ट घ्या, असे लोक आयमा किंवा निमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांच्या मेंबरांकडे विचारलं तर मिळतात. हे काम वकिलाच्या फीपेक्षा जास्त उपयोगी पडेल असं मी वकील असून सांगते.

अॅग्रीमेंटमध्ये ‘बचत’ची व्याख्या काय लिहिलीय ती मला पाठवली नाहीत, पण सगळं तिथे अडकलंय. ‘सल्ल्यामुळे झालेली बचत’ असं असेल किंवा व्याख्याच नसेल तर कुठल्या कामाने किती वाचलं हे सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्याची. पण ‘मागच्या वर्षीच्या बिलातला फरक’ असं सरळ लिहिलं असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे, मग तडजोडीचा आकडा घेऊनच बोलायला बसा, उगाच वर्षं घालवू नका.

अकाउंटंटचं म्हणाल तर बिल बुकात घेणं, क्रेडिट घेणं, टीडीएस कापणं हे सगळं समोरचा ‘मान्य केलं होतं’ म्हणून दाखवणार. पैसे न देता १८० दिवस झाले की ते क्रेडिट तसंही व्याजासकट परत करावं लागतं, म्हणून वादातल्या रकमेचं आत्ताच सीएला विचारून रिव्हर्स करा आणि कन्सल्टंटकडे तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट लेखी मागा. तो देणार नाही, पण मागितल्याची तारीख कागदावर येते. मार्चएंडला बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र आलं असेल तर अकाउंटंटने सही करून दिलंय का तेही बघा, ते सगळ्यात जास्त नडतं. आणि तुमचा तो ‘टाइट आहे’ वाला मेल नाकारू नका. मेल पाठवला होता, त्यात रक्कम मान्य केलेली नाही, तेव्हा भट्टीचा हिशोब झाला नव्हता, असं जे आहे ते सरळ लिहा. खरं लिहिलेलं उलटतपासणीत टिकतं.

हिशोबातून जो आकडा निघेल, समजा सव्वा लाख निघाला, तो त्यावरच्या जीएसटीसकट बँकेतून भरून टाका, नोटिशीच्या उत्तरातच त्याचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) द्या आणि लिहा की एवढं मान्य, बाकी या या कारणाने अमान्य, तक्ता सोबत जोडलाय. व्याज तेवढ्यावरचं थांबतं, आणि हे लोक पैसे बुडवणारे नाहीत हे पुढे बसलेल्याला एका नजरेत कळतं. उत्तर वकिलामार्फत स्पीड पोस्टाने आणि मेलने, दोन्हीकडून.

तो कोर्टात गेला तर ३ लाखांच्या वरचा सेवेचा वाद म्हणून व्यावसायिक दावा होईल, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या केसमध्ये तसं पक्कं केलंय. विधी सेवा प्राधिकरणाची नोटीस आली तर जा, तक्ता घेऊन जा, असे हिशोबाचे वाद टेबलावर बसून मिटू शकतात. दावा पडलाच तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, कोर्टाने वाढवून दिली तर फार तर १२० दिवस, त्यानंतर तुमचं म्हणणं मांडायचा हक्कच जातो. समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा वसुलीचा दावा, असेल तर हजर व्हायला फक्त १० दिवस. एका कंपनीचं समन्स गेटवर वॉचमनने घेतलं आणि ते डिस्पॅचच्या ड्रॉवरमध्ये दिवाळीच्या मिठाईच्या डब्याखाली सापडलं, तोवर मुदत उलटून गेली होती. बाजू चांगली होती त्यांची, फार वाईट वाटलं. तेव्हा आजच सिक्युरिटीला आणि ऑफिसला सांगून ठेवा की कोर्टाचा कुठलाही कागद थेट डायरेक्टरच्या हातात.

आणि घराची काळजी करू नका. वैयक्तिक गॅरंटी लिहून दिली नसेल तर दावा कंपनीवर आहे, तुमच्या किंवा मेहुण्यांच्या फ्लॅटवर नाही.

प्रश्न : आम्ही प्लेसमेंट एजन्सीकडून क्वालिटी इंजिनिअर घेतला, तो ४० दिवसांत सोडून गेला. पत्रात ९० दिवसांत सोडल्यास बदली देऊ असं आहे. बदली दिली नाही आणि आता पूर्ण फी मागतात. — सातपूर

उत्तर : बदली मागितल्याचा मेल ९० दिवसांच्या आत गेलाय का, एवढंच बघा. गेला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, त्यांनी त्यांचा भाग पूर्ण केलेला नाही. गेला नसेल आणि दिवस शिल्लक असतील तर आज पाठवा, सोबत राजीनाम्याची प्रत आणि शेवटच्या हजेरीची तारीख. बदली नकोच असेल तर तेही लिहा आणि फी किती कमी करायची तो आकडा तुम्हीच सुचवा.

प्रश्न : मेंटेनन्स काँट्रॅक्टरला सुरुवातीला सही करून कोरा चेक दिला होता. आता बिलावरून वाजलं आणि त्याने त्यावर साडेतीन लाख टाकून बँकेत भरला, चेक परत गेला. निम्मे पैसे आम्ही आधीच एनईएफटीने दिलेत. — सिन्नर

उत्तर : ‘सिक्युरिटीचा चेक होता’ एवढ्यावर सुटका होत नाही, सही तुमची असली की देणं होतं असंच कायदा आधी धरतो. पण चेक भरला त्या दिवशी खरं देणं चेकवरच्या रकमेपेक्षा कमी होतं हे बँक स्टेटमेंटवरून दाखवता आलं तर बाजू फिरते, सुप्रीम कोर्टाचा २०२२चा निकाल तुमच्या बाजूने आहे, अर्धे पैसे आधीच दिलेले असताना पूर्ण रकमेचा चेक भरला तर कलम १३८ची, म्हणजे चेक बाउन्सची, केस टिकत नाही. चेक परत गेल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत त्याची नोटीस यायला हवी, आणि ती तुमच्या हातात पडल्यापासून तुम्हाला १५ दिवस. त्या १५ दिवसांत एनईएफटीच्या तारखा आणि रकमा लिहून उत्तर द्या, बाकीचं खरोखर देणं असेल तर त्याच दिवसांत भरून टाका. दुसऱ्या कुणाकडे असे कोरे चेक पडले असतील तर त्यांचे नंबर लिहून, परत मागितल्याचं पत्र या आठवड्यातच पाठवा.